कोरियन-चिनी दुभाषी कायद्याच्या आणि पेटंटच्या कामात दर वेळी का अडतो? कारणं आणि उपाय

समजा, जबानीत कोरियन साक्षीदार म्हणाला, "मार्चमध्ये दोन्ही कंपन्यांची परवान्याबद्दल ह्योबुई झाली." दुभाष्याने न अडखळता चिनीत सांगितलं, "मार्चमध्ये परवान्याबद्दल श्येयी झाला." दोन्ही शब्द त्याच दोन चिनी अक्षरांचे. पण कोरियनमध्ये त्यांचा अर्थ वाटाघाट, विचारविनिमय. चिनीत त्यांचा अर्थ करार. साक्षीदाराने बोलणी झाल्याचं सांगितलं आणि नोंदीत करार झाल्याचं आलं. खोलीत कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण वाक्य कानाला अगदी ठाकठीक लागलं. बरोबर शब्द श्येशांग होता.

"दोन्ही भाषा उत्तम येणारा माणूस घेतला, तरी दर सुनावणीत काहीतरी बिनसतं" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. दोष भाषेच्या कच्चेपणाचा नसतो. उलट ज्याला दोन्ही भाषा सहज येतात त्याच्याच हातून ही चूक जास्त होते, कारण तो थांबत नाही. कोरियन कायद्याची परिभाषा मुख्यतः चिनी अक्षरांतून घडलेली आहे आणि तिचा मोठा भाग जपानमध्ये तयार झालेल्या कायद्याच्या शब्दांवरून आला आहे. चीनची परिभाषा आपल्या वाटेने वाढली. अक्षरं तीच राहिली, अर्थ सरकले. म्हणून नुसता दुभाषी बदलून हे दुखणं जात नाही. माणूस निवडायची आणि त्याला तयारी करून द्यायची पद्धत बदलावी लागते.

खाली कोरियन आणि चिनी शब्द उच्चाराने दिले आहेत. प्रत्यक्ष शब्दसूची करताना ते हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, आणि चिनी लिपीतच लिहा.

लक्षण: बोलणं सफाईदार, पण नोंद चुकीची

कारण वर सांगितलं तेच, फसवे शब्द. सगळ्यात जास्त नुकसान करणाऱ्या जोड्या या:

- हांगसो आणि कांगसू. कोरियात हांगसो म्हणजे पहिल्या न्यायालयाच्या निकालावर पक्षकाराने केलेलं अपील. चीनमध्ये त्याच अक्षरांचा कांगसू म्हणजे सरकारी अभियोक्ता कार्यालयाने निकालाला घेतलेली हरकत. पक्षकाराच्या अपिलाला चिनीत शांगसू म्हणायचं. गोंधळ वाढतो तो न्यायव्यवस्थेच्या पायऱ्यांमुळे: कोरियात तीन पायऱ्या आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाकडच्या अपिलाला सांगगो असा वेगळा शब्द आहे, चीनमध्ये सर्वसाधारणपणे दोन पायऱ्यांत खटला संपतो. तिथे सांगगोला जुळणारा शब्दच नाही. दुभाष्याने तिथे "सर्वोच्च न्यायालयाकडचं तिसऱ्या पायरीचं अपील" असं फोडून सांगायला हवं.
- छीसू आणि गिसो. चिनीत छीसू म्हणजे दिवाणी दावा लावणंही आणि फौजदारी आरोप ठेवणंही. कोरियन गिसो फक्त फौजदारी. "त्यांनी आमच्यावर छीसू केलं" हे गिसो असं उतरलं, की साध्या पेटंट दाव्याचा फौजदारी खटला होतो. दिवाणीसाठी कोरियनमध्ये जेसो.
- बोजंग आणि बूजंग. कोरियन पेटंटच्या कामात बोजंग म्हणजे क्लेममध्ये (पेटंटने नेमका कशावर हक्क मागितला ते सांगणाऱ्या वाक्यात) किंवा शोधाच्या वर्णनात केलेली दुरुस्ती, अगदी आशय बदलणारीसुद्धा. चिनी पेटंट कार्यालयात बूजंग म्हणजे अर्जातल्या औपचारिक त्रुटींची पूर्तता. आशयाच्या दुरुस्तीला श्योगाय म्हणतात. क्लेम कधी आणि किती आवळला यावर खटला उभा असेल, तर ही चूक महागात पडते.
- दुंगनोक आणि दंगलू. कोरियात पेटंट "दुंगनोक" होतं, म्हणजे मंजूर होऊन नोंदलं जातं. चिनीत त्याच अक्षरांचा रोजचा अर्थ संगणकावर लॉगिन करणं. चिनीत पेटंट मंजूर होण्याला शौछ्वान.
- गॉम्तो आणि ज्यानताओ. कोरियन अभियंता म्हणतो, "प्रतिस्पर्ध्याच्या पेटंटची गॉम्तो केली", म्हणजे तपासलं, अभ्यासलं. आजच्या चिनीत ज्यानताओ म्हणजे स्वतःच्या चुकीची कबुली देणं, आत्मपरीक्षण. उल्लंघन जाणूनबुजून झालं का, हा प्रश्न असलेल्या खटल्यात हे एक वाक्य किती घातक ठरेल, याचा विचार करा.

खुद्द "पेटंट" हा शब्दही सुटलेला नाही. कोरियन थुखोची अक्षरं चिनीत तश्यू अशी वाचली, तर अर्थ खास परवानगी असा होतो. व्यवसायाच्या फ्रँचायझीसाठी तो शब्द चालतो. चिनीत पेटंट म्हणजे जुआनली. चांगला दुभाषी हे जाणतोच. पण थकव्याच्या वेळी, दुपारी चारनंतर, जीभ अक्षरांमागे जाते. म्हणून अशा १५ ते २० जोड्यांचा एक कागद दुभाष्याच्या समोर टेबलावर असला पाहिजे. फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही.

लक्षण: दुभाषी चिनी नीट बोलतो, तरी समोरच्याला परका वाटतो

"चिनी" म्हणून मागणी केली की ही अडचण येते. आधी ठरवा: मुख्य भूमीचा चीन, तैवान की हाँगकाँग? तैवानमध्ये बोली मंदारिनच, पण लिपी पारंपरिक आणि पेटंटची परिभाषा वेगळी. गंमत म्हणजे तैवानची परिभाषा काही ठिकाणी कोरियनच्या जास्त जवळ जाते. शोधातल्या कल्पकतेची कसोटी कोरियनमध्ये जिनबोसंग, तैवानमध्ये जिनबूशिंग, मुख्य भूमीत मात्र छ्वांगझाओशिंग. क्लेमला कोरियन छंगगुहांग, तैवानमध्ये छिंगछ्योश्यांग, मुख्य भूमीत छ्वानली याओछ्यो. तैवानी कामाचा सराव असलेल्या माणसाला बीजिंगच्या सुनावणीत बसवलं तर तो चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्य मनात पुन्हा लावावं लागतं. हाँगकाँगच्या साक्षीदाराला कँटोनीज हवी असेल तर तो सर्वस्वी वेगळा शोध आहे.

माणूस कुठे शोधावा आणि प्रत्येक ठिकाणची उणीव कोणती

चीनच्या जिलिन प्रांतातल्या यानब्यान कोरियन स्वायत्त विभागातून आलेले, लहानपणापासून दोन्ही भाषा बोलणारे लोक ही या जोडीची सगळ्यात मोठी ताकद आहे. कान तयार, वेग चांगला. पण त्यांची कोरियन चीनच्या प्रशासनाच्या आणि शाळेच्या शब्दांत वाढलेली असते. दक्षिण कोरियाच्या न्यायालयात चालणारी परिभाषा त्यांनी वेगळी शिकली आहे का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरा गट भाषांतर आणि दुभाषेपणाच्या पदव्युत्तर संस्थांतून आलेला. सोलच्या हानकुक परदेशी भाषा विद्यापीठातली अशी संस्था १९७९ पासून आहे, इव्हा महिला विद्यापीठातली १९९७ पासून. इथली माणसं टिपणं घेण्यात आणि लांब वाक्य धरून ठेवण्यात पक्की असतात. मात्र त्यांचा सराव परिषदांचा. परिषदेत वक्त्याचं वाक्य नीटनेटकं करून देणं हा गुण, जबानीत तोच दोष. साक्षीदार अडखळला, वाक्य अर्धवट सोडलं, "बहुधा" म्हणाला, तर ते सगळं तसंच पलीकडे गेलं पाहिजे.

तिसरा गट पेटंट फर्ममध्ये लेखी अनुवाद करणारे. शब्द त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसतात, पण बोलताना ते गोठतात. त्यांना दुभाष्याच्या खुर्चीवर बसवू नका. शब्दसूची त्यांच्याकडून करून घ्या आणि सुनावणीत तपासनीस म्हणून जवळ ठेवा. हा खर्च वाया जात नाही.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची ६वी पातळी किंवा एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची वरची पातळी भाषा येते एवढंच सांगते. अनुवादक आणि दुभाष्यांसाठी असलेल्या चीनच्या कॅटी परीक्षेत कोरियन आहे, पण तोंडी आणि लेखी परीक्षा वेगळ्या असतात. कुठली दिली आहे ते पाहा. आयएसओ २०२२८:२०१९ हे कायदेविषयक दुभाषेपणाच्या सेवेचं मानक आहे. एजन्सी त्याचं नाव घेत असेल तर विचारा, तुमच्या कामावर येणारी व्यक्ती त्यातल्या पात्रतेच्या अटींत कशी बसते. एजन्सीचं प्रमाणपत्र खोलीत बोलत नाही, माणूस बोलतो.

३० मिनिटांची चाचणी

या एका पायरीवर सगळ्यात जास्त वेळ खर्च करा. तुमच्या तंत्रक्षेत्रातलं, कोरियात आणि चीनमध्ये दोन्हीकडे प्रसिद्ध झालेलं एक पेटंट निवडा. तुमच्या खटल्यातलं नको. त्याचा पहिला स्वतंत्र क्लेम उमेदवारासमोर ठेवा आणि तयारीविना ५ मिनिटं तोंडी भाषांतर करायला सांगा. मग १० मिनिटं तयारीला द्या आणि तेच पुन्हा. शेवटची १० मिनिटं प्रश्नोत्तराची, म्हणजे साक्षीदार आणि वकील यांची नक्कल.

पहिल्या आणि दुसऱ्या खेपेतला फरक पाहा. पहिली खेप सगळ्यांची खडबडीत असते, कारण कोरियन क्लेममध्ये लांबलचक विशेषणं आधी येतात आणि नाम, क्रियापद शेवटी. दुसऱ्या खेपेतही घटकांचा क्रम आणि कोण कशाला जोडलेलं आहे हे सुटत नसेल, तर तो माणूस पेटंटला घेऊ नका.

चाचणीत या तीन जागा मुद्दाम पेरा.

पहिली जागा सीमेच्या आकड्यांची. कोरियन इसांग आणि इहा यांत तो आकडा धरलेला असतो, छोग्वा आणि मिमान यांत धरलेला नसतो. चिनी पेटंट परीक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार यीशांग, यीश्या यांत आकडा धरतात. "छाओग्वो", "श्याओयू" यांत धरत नाहीत. म्हणजे "५० अंश मिमान" हे श्याओयू झालं पाहिजे. घाईत बहुतेक जण यीश्या म्हणतात आणि ५० हा आकडा क्लेमच्या आत येऊन बसतो. आधीच्या शोधात नेमकं ५० अंशच दिलेलं असेल, तर नावीन्याचा मुद्दा तिथेच पडतो.

दुसरी जागा उघड्या आणि बंद यादीची. चिनीत "बाओक्वो" म्हणजे यादी उघडी, आणखी घटक असू शकतात, "यौ... झूछंग" म्हणजे यादी बंद. कोरियन "फोहामहानुन" उघडं आहे, पण "इरुऑजिन" दोन्हीकडे झुकू शकतं. इथे उमेदवाराने थांबून विचारलं, "उघडं धरू की बंद?" तर तो तुमचा माणूस. बिनधास्त पुढे गेला तर नाही.

तिसरी जागा मोठ्या रकमांची. कोरियन आणि चिनी दोन्हीत मोजणी दहा हजारांनी पुढे सरकते, त्यामुळे १० कोटींपर्यंत आणि त्यापुढेही हिशोब सरळ जमतो. अडचण एक लाख कोटीला. कोरियनमध्ये त्याला जो म्हणतात. त्याच अक्षराचा मुख्य भूमीतला उच्चार झाओ, पण तिथे तंत्राच्या भाषेत तो दशलक्ष, म्हणजे मेगा, या अर्थाने चालतो. एक लाख कोटीला तिथे वानयी म्हणतात. तैवानमध्ये मात्र झाओ म्हणजे एक लाख कोटीच. नुकसानभरपाईच्या कामात दहा रकमा तोंडी सांगून लिहायला लावा. एकही चूक चालवून घेऊ नका.

लक्षण: मधे इंग्रजी आल्यापासून तक्रारी वाढल्या

थेट जोडी मिळाली नाही की कोरियनमधून इंग्रजी आणि इंग्रजीतून चिनी असा फिरता मार्ग घेतात. परिषदेत चालतं. इथे मधला एक शब्द दोन-तीन अर्थ गिळून टाकतो. हांगसो, सांगगो आणि निकालाव्यतिरिक्त आदेशांवरचं अपील, ज्याला हांगगो म्हणतात, हे तिन्ही इंग्रजीत एकाच शब्दात येतात, आणि चिनी दुभाषी त्यांना पुन्हा वेगळं करू शकत नाही. वेळही दीडपट लागतो. थेट दुभाषी मिळेपर्यंत तारीख पुढे घेता आली तर ती घ्या. नाहीच जमलं, तर निदान शब्दसूची थेट कोरियन-चिनी ठेवा आणि दोन्ही दुभाष्यांना तीच द्या.

लक्षण: तोंडी काम ठीक, कागद मात्र फेटाळला गेला

दुभाषी आणि अनुवाद ही दोन वेगळी कामं आहेत, आणि चीनमध्ये कागदाचे नियम कडक आहेत. पेटंट अवैध ठरवण्याच्या कार्यवाहीत परकीय भाषेतला पुरावा दिला, तर त्याचा चिनी अनुवाद पुरावा द्यायच्या मुदतीतच पोचला पाहिजे. नाहीतर तो पुरावा दिलाच नाही असं धरतात. विरुद्ध पक्षाच्या अनुवादावर हरकत असेल, तर वादग्रस्त भागाचा स्वतःचा अनुवाद मुदतीत द्यावा लागतो, नुसतं "चूक आहे" म्हणून चालत नाही. एकमत झालं नाही आणि तिसऱ्याकडून अनुवाद करवला, तर खर्च निम्मा निम्मा. न्यायालयात बहुधा अनुवाद संस्थेचा शिक्का आणि तिच्या व्यवसाय परवान्याची प्रत मागतात, त्यामुळे एकट्या दुभाष्याने केलेला अनुवाद परत येऊ शकतो. कोरियन न्यायालयातही परकीय भाषेतल्या कागदाला सर्वसाधारणपणे अनुवाद जोडावा लागतो.

अर्ज कोणत्या वाटेने आला हेही पाहा. कोरियन अर्जाच्या प्राधान्यावर, म्हणजे त्या आधीच्या अर्जाची तारीख धरून, १२ महिन्यांत थेट चीनमध्ये अर्ज केला असेल, तर चिनी मजकूर हाच मूळ ठरतो. अनुवादात चूक राहिली, तर कोरियन मजकूर दाखवून ती सुधारता येत नाही. चिनी पेटंट कायद्याचं ३३वं कलम आड येतं. पीसीटी, म्हणजे पेटंट सहकार्य करारातल्या आंतरराष्ट्रीय अर्जाच्या वाटेने आलेल्या अर्जात मात्र मूळ आंतरराष्ट्रीय मजकुराला आधार म्हणून वजन असतं आणि ठरावीक टप्प्यांत अनुवाद दुरुस्त करता येतो. पण पेटंट मंजूर झाल्यावर तराजू एकाच बाजूला झुकतो: चुकीच्या अनुवादाने क्लेम रुंद झाला तर मूळ मजकुराइतकाच आवळतात, अरुंद झाला तर तसाच अरुंद ठेवतात. म्हणून खटल्यात क्लेमच्या शब्दावर प्रश्न येणार असेल, तर दुभाष्याला दोन्ही मजकूर आणि अर्जाची वाट आधीच सांगा. नाहीतर तो चांगुलपणाने "मूळ अर्थ" सांगायला जातो आणि नोंदीत तिसराच मजकूर तयार होतो.

सुनावणीच्या आधीचा आठवडा

दुभाष्याला किमान ७ दिवस आधी क्लेम, कार्यालयाचे आक्षेप आणि त्यांची उत्तरं, आकृत्या भागांच्या क्रमांकांसह आणि ६० ते १०० शब्दांची सूची द्या. दोन्ही बाजूंची नावं चिनी अक्षरांत द्या. ही बाब क्षुल्लक वाटते, पण चिनीत कोरियन नावं चिनी उच्चाराने वाचतात: किमचा जिन होतो, पार्कचा प्याओ, छ्वेचा त्स्वे. अक्षरं माहीत नसतील तर दुभाषी अंदाजाने घालतो, आणि एकाच साक्षीदाराची नोंदीत दोन नावं होतात. जुन्या कागदांत सोलसाठी चिनीत हानचंग दिसेल. २००५ पासून शौअर हे नाव वापरात आलं. दोन्ही एकच शहर, हे सूचीत लिहा.

वेळेचा हिशोब दुप्पट धरा. ३ तासांच्या प्रश्नांना एकामागून एक भाषांतर करत ६ तास लागतात. दिवसभराचं काम असेल तर दोन दुभाषी हवेत. साक्षीदार बोलत असतानाच भाषांतर करायचं असेल तर दर २० ते ३० मिनिटांनी अदलाबदल. कोरियाचं पेटंट कार्यालय, पेटंट न्यायाधिकरण आणि १९९८ साली सुरू झालेलं पेटंट न्यायालय देजॉनमध्ये आहे, तर बहुतेक दुभाषी सोलमध्ये. प्रवासानंतर थेट खुर्चीत बसवू नका.

याच आठवड्यात हितसंबंधांची चौकशी करा. या जोडीत तांत्रिक काम करणारी माणसं मोजकी, त्यामुळे तोच दुभाषी याआधी विरुद्ध पक्षाकडे बसलेला असू शकतो. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या.

सीमेपलीकडचा दुभाषी

ऑनलाइन काम वाढल्यापासून हा प्रश्न नेहमीचा झाला आहे. कोरियात २००६ साली झालेल्या औद्योगिक तंत्रज्ञान संरक्षण कायद्याखाली काही तंत्रं राष्ट्रीय मूलभूत तंत्रज्ञान म्हणून ठरवलेली आहेत, आणि त्यांची माहिती देशाबाहेर देण्यावर बंधनं आहेत. बॅटरी किंवा डिस्प्लेच्या खटल्याची कागदपत्रं चीनमध्ये बसलेल्या दुभाष्याला मेलने पाठवण्याआधी वकिलाला विचारा. उलट बाजूने, १ सप्टेंबर २०२१ पासून लागू असलेल्या चीनच्या डेटा सुरक्षा कायद्यानुसार चीनमध्ये साठवलेला डेटा परदेशी न्यायसंस्थेला परवानगीविना देता येत नाही. परदेशी खटल्यासाठी मुख्य भूमीवर खासगीरीत्या साक्ष नोंदवणंही तिथे मान्य नाही. चिनी साक्षीदार आणि दुभाषी दोघेही तिथूनच व्हिडिओवर येणार असतील, तर तारीख ठरवण्याआधी हे सोडवा. आणि मजकूर फुकटच्या ऑनलाइन भाषांतर साधनात टाकणार नाही, हे गोपनीयतेच्या करारात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या.

चूक सुनावणीतच लक्षात आली तर

दुभाष्याला खोलीत ओरडू नका. पुढचा अर्धा तास त्याचा आत्मविश्वास जातो आणि चुका वाढतात. तपासनीसाने चिठ्ठी द्यावी, वकिलाने थांबवून म्हणावं, "साक्षीदाराने उच्चारलेला शब्द मूळ भाषेत नोंदवावा." मग साक्षीदाराला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारा. ह्योबुईच्या बाबतीत "करार झाला का?" असं विचारून भागत नाही, कारण तोच शब्द पुन्हा येतो. विचारा, "त्या दिवशी कुणी सही केली का? रक्कम ठरली का?" असं विचारलं की फसवा शब्द आपोआप बाजूला पडतो. दिवस संपण्याआधी दुभाष्याबरोबर वादग्रस्त जागांची यादी करा, जिथे मुभा आहे तिथे ध्वनिमुद्रण मागून घ्या आणि नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज मुदतीत टाका. सुधारलेला शब्द त्याच संध्याकाळी टेबलावरच्या कागदात चढवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसणाऱ्या दुभाष्यालाही तो मिळेल.